बारा बोर्ड आणि एक सही

कस्तुराला तुम्ही ओळखत नसाल, पण चाकण-भोसरीकडच्या एखाद्या कारखान्यात पाऊल टाकलं असेल, तर तिचं काम नक्की पाहिलंय. मशिनशेजारी बोर्ड असतो बघा. पिवळी टोपी घातलेला, जाड मिशांचा एक माणूस. एका चित्रात हातमोजे घालतोय, दुसऱ्यात हँडल ओढतोय, तिसऱ्यात बोट उंचावून ‘असं नको’ म्हणतोय. तो माणूस कस्तुराचा. बिहारहून, ओडिशातून, आपल्या बीड-परभणीकडून आलेल्या पोरांना दहा ओळींची सूचना वाचायला कुठला आलाय वेळ? चित्र एका नजरेत कळतं. बारा वर्षं ती पिंपरीतल्या दोन खोल्यांच्या घरात बसून ही चित्रं काढते, आणि तरीही लग्नाकार्यात कुणी भेटलं की विचारतंच, ‘ते सगळं ठीक आहे गं, पण नोकरी कुठे करतेस?’

मिशा तिच्या वडिलांच्या. ज्ञानदेव एकतीस वर्षं भोसरीत पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशिनवर होते आणि दहाची दहा बोटं घेऊन रिटायर झाले. त्यांच्या पिढीत ही काही साधी गोष्ट नव्हती. लेकीचं प्रत्येक चित्र ते चष्मा नाकाच्या टोकावर आणून बघत आणि म्हणत, ‘हात बरोबर दाखव. बाकी माणूस वाकडा आला तरी चालेल.’

दोन वर्षांपूर्वी ती चित्रकारांच्या संघात गेली, तीही त्यांच्याच आग्रहाने. चिंचवड गावठाणात एका क्लासच्या खोलीत दर पहिल्या रविवारी ही मंडळी जमायची. कुणी पाठ्यपुस्तकांची चित्रं काढणारं, कुणी लग्नपत्रिकांची, कुणी मोबाईलच्या खेळांची. कस्तुराला वाटलं, चहा-बिस्किटांची संघटना आहे झालं. ‘पप्पा, चित्रकाराला कसली आलीय युनियन? आम्ही काय गेटवर बसणार आहोत का?’ ज्ञानदेव म्हणाले, ‘एकटा माणूस ओरडला तर साहेबाला वाटतं कोणीतरी खोकलं. जा तू.’ मग गेली. सेक्रेटरी इंदुताई साठीच्या, पाठ्यपुस्तकात चित्रं काढून केस पांढरे झालेले, आणि स्वभाव असा की नव्या सभासदाला आधी चहा देतील आणि मग विचारतील, ‘करार लिहून घेतेस का कामाआधी? नाही? मग दुसरा चहा घे, बोलायचंय.’

करार कस्तुराने काही लिहून घेतला नाही. कुणाकडून घेणार? तिची निम्मी कामं जयसिंगकडून यायची. जयसिंगची बोर्ड छापायची एजन्सी. ती कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, कुणी उभं करत नव्हतं, तेव्हा त्याने पहिलं काम दिलं होतं. अगदी घरच्यासारखा माणूस. घरच्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. आणि मग नडतं ते तिथेच.

नोव्हेंबरच्या शेवटी जयसिंगचा फोन आला. ‘कस्तुरा, बसलीयेस ना? आपले बोर्ड लावलेत ना त्या चाकणच्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये ॲक्सिडेंट झाला. नवनाथ म्हणून पोरगा आहे, परभणीकडचा. उजव्या हाताची दोन बोटं गेली.’

‘अरे देवा. कसा आहे आता?’

‘आहे, बरा आहे. पण तो हॉस्पिटलातनं एकच धोशा लावतोय, मी चित्राप्रमाणेच केलं म्हणून.’

कस्तुराने हातातलं टॅबलेटचं पेन तिथेच खाली ठेवलं. जयसिंगने बोर्डाचा फोटो पाठवला. तिने मोबाईल ज्ञानदेवांच्या पुढे धरला. म्हाताऱ्याने बघितलं, मोठा केला, पुन्हा बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘उलटं आहे हे, बाळ.’

त्या प्रेसला दोन खांब आणि दोन्ही खांबांना एकेक हँडल. तेलाने काळी पडलेली, दिसायला सारखी. उजवं ओढलं की प्रेस बंद होते आणि त्याला कुलूप घालता येतं. डावं नुसतं हवेचं. तेही ओढलं की फुसफुस थांबते, मशिन गप्प झाल्यासारखं वाटतं, पण प्रेस जिवंतच असते. साफसफाईला हात घालायच्या आधी उजवं ओढायचं, हे त्या बोर्डवर दाखवायचं होतं. आणि फोटोतला मिशीवाला डावं ओढत होता. नवनाथला कामावर लागून तिसरा दिवस. त्याने डावं ओढलं, फुसफुस थांबली, त्याने हात आत घातला आणि पाय प्रेस खाली आणणाऱ्या पेडलवर पडला.

‘मी असं काढलं नाही,’ कस्तुरा म्हणाली. मग तिची नजर चित्राच्या तळाशी गेली. बुटाजवळ तिची सही होती, नेहमीचा छोटा ‘क’. अगदी सरळ. चित्र कुणी आरशासारखं उलटं फिरवलं असतं तर ‘क’सुद्धा उलटा झाला असता की नाही? म्हणजे चित्र कुणी फिरवलं नव्हतं. म्हणजे तिनेच...

त्या रात्रीपासून बाईची झोप उडाली. मूळ चित्र बघावं, तर दिवाळीच्या तोंडावर टॅबलेट बिघडला होता आणि दुरुस्तीवाल्याने सगळा पुसून कोरा करून दिला होता. जयसिंगचा माणूस पेनड्राइव्हवर काम घेऊन जायचा, त्यामुळे मेलवरही काही नाही. जयसिंगकडे विचारलं तर म्हणाला, ‘आमच्याकडे छापलेलीच फाइल राहते गं, मूळ आम्ही ठेवत नाही.’ कारखान्यात तिला कधी आत सोडलंच नव्हतं. फोटोंवरून काढलं होतं. उजवं-डावं मनातल्या मनात करताना चुकलं असेल का? ती डोळे मिटून आठवायला जायची, आणि जितकं आठवायची तितकं डावं हँडलच दिसायचं. स्वयंपाकघरात उभी राहून नळ डाव्या हाताने उघडायची, उजव्याने उघडायची. ज्ञानदेव कॉटवरून बघत होते.

चौथ्या दिवशी जयसिंग घरी आला. नेहमीसारखे पेढे नाहीत, गप्पा नाहीत, सरळ कागदच काढला. ‘दोन ओळी आहेत. चित्र माझं आहे, छापताना त्यात काही बदल झालेला नाही. खाली सही कर. कंपनीची चौकशी चालू आहे, पुढच्या गुरुवारी बैठक आहे. हे दिलं की फाइल बंद.’

‘आणि माझं काय?’

‘तुझं काय होणारंय? तू काय कंपनी आहेस? कलाकाराची चूक म्हणतील, सोडून देतील. माझं मात्र सगळं चाकण बंद होईल, कस्तुरा. चौदा माणसं आहेत माझ्याकडे.’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘आणि सही तुझीच आहे ना त्याच्यावर? मी कुठे खोटं बोलायला सांगतोय?’

हे बोलणं वर्मी बसलं. खरंच तर होतं. सही तिचीच होती. दोन बोटं गेलेला पोरगा हॉस्पिटलात पडलाय आणि आपण आपली कातडी वाचवायला निघालोय, असं तिला वाटलं. तिने पेन उचललं सुद्धा. तेवढ्यात ज्ञानदेव कॉटवरून म्हणाले, ‘जयसिंगराव, कागद ठेवून जा. आमच्यात वाचल्याशिवाय सही करत नाहीत.’

जयसिंग हसला. ‘दोन तर ओळी आहेत, काका.’

‘मग दोन दिवस पुरतील.’

तो गेल्यावर कस्तुराने इंदुताईंना फोन लावला. खरं तर रडायलाच लावला होता. इंदुताईंनी रडू दिलं, पण अगदी थोडं. ‘पुरे. आता ऐक. सही करायची नाही, फोनवर काही कबूल करायचं नाही, आणि त्या जयसिंगला व्हॉट्सॲपवर ‘सॉरी’ एवढंसुद्धा पाठवायचं नाही. मी येते.’

‘पण ताई, चूक माझीच असली तर?’

‘असली तर आपण दोघी जाऊन सांगू. पण आधी कळू दे तरी असली का ते. तू तर खटला उभा राहायच्या आधीच फाशी घेऊन बसलीस!’

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. संघाच्या वकिलांशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं, आणि वकिलांनी एकच प्रश्न विचारला होता: छापायच्या आधीचं चित्र तिसऱ्या कुणी पाहिलंय का? कस्तुराने मान हलवली. कोण पाहणार? घरात पप्पा, त्यांनी पाहिलं असेल, पण सप्टेंबरातलं आता त्यांनाही आठवत नव्हतं.

‘संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतंस का?’

‘आपल्या? काय माहीत. मी तर ग्रुपचे फोटो दर महिन्याला पुसते, मोबाईलमध्ये जागा कुठे असते?’

इंदुताईंनी पर्समधून आपला मोबाईल काढला. जुना, कोपरा फुटलेला. ‘मी काही पुसत नाही. माझी सून म्हणते, मोबाईल आहे की अडगळीची खोली.’ आणि त्या सप्टेंबर शोधायला लागल्या. दीडशे माणसांचा ग्रुप तो! सुप्रभात, फुलं, कुणाच्या नातवाचं बारसं, पोस्टर कलरच्या सेलची जाहिरात, कुणी तरी गेल्याचं कळवलेलं आणि त्याखाली साठ जणांचे जोडलेले हात. कस्तुरा पलीकडे बसून बोटं मोडत होती. सापडलं आणि त्यात मिशीवाला डावं हँडल ओढत असला, तर मग विषयच संपला. शोधू नका, सोडून द्या, असं म्हणावंसं तिला वाटत होतं.

‘थांब,’ इंदुताई म्हणाल्या.

पेन्सिलचं चित्र होतं. खाली कस्तुराचाच मेसेज, ‘हाताची पकड बघा ना कुणीतरी. अंगठा मेलेला वाटतोय.’ त्याखाली दिव्याचं उत्तर. दिव्या म्हणजे माण गावात राहणारी, आयटीवाल्या कंपन्यांसाठी चित्रं काढणारी पोरगी, कस्तुरा तिला दोनदाच भेटली होती. तिने त्याच चित्रावर लाल रेघेने अंगठा सुधारून पाठवला होता. आणि दोन दिवसांनी पुन्हा कस्तुरा, रंगवलेलं पुरं चित्र. ‘झालं एकदाचं. थँक्यू दिव्या, अंगठा जिवंत झाला.’ बुटापाशी ‘क’. तारीख, वेळ, सगळं.

इंदुताईंनी मोबाईल ज्ञानदेवांच्या हातात दिला. म्हाताऱ्याने चष्मा नाकाच्या टोकावर आणला.

‘उजवं,’ ते म्हणाले. ‘उजवं आहे, कस्तुरे! सोळा आणे उजवं!’

कस्तुरा भिंतीला टेकून खाली बसली आणि लहान पोरासारखी हमसून हमसून रडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ज्या ग्रुपचे फोटो ती कचरा म्हणून पुसत होती, त्यातच तिचा जीव अडकला होता. आणि हे काही संघाच्या घटनेत लिहिलेलं नव्हतं बरं का. आपलं चित्र चारचौघांना दाखवायचं, ‘हात बरोबर आहे का’ विचारायचं आणि दुसऱ्याचा अंगठा आपलाच समजून सुधारायचा, एवढीच त्या मंडळींची खोड.

गुरुवारी दोघी चाकणला गेल्या. आदल्या दिवशी संघाच्या लेटरहेडवर पत्र गेलं होतं, की आमच्या सभासदाबरोबर सचिव येतील. तरी एचआरच्या साहेबांनी दारातच अडवलं. ‘मॅडम, बाहेरच्या माणसाला बैठकीत घेता येणार नाही.’

‘मग ही पण बाहेर बसेल,’ इंदुताई म्हणाल्या. ‘ही पण बाहेरचीच आहे. तुमच्या पगारपत्रकावर आहे का हिचं नाव? मग अपघाताच्या अहवालात तेवढं कसं येतंय?’ साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली.

आत सेफ्टी ऑफिसर होता, जयसिंग होता, आणि टेबलावर तो बोर्ड आडवा ठेवलेला. जयसिंगने कस्तुराकडे बघितलं नाही. ‘साहेब, बोर्डवर कलाकाराची सही आहे, सरळ आहे. फिरवला असता तर सही उलटी आली असती. एवढं साधं आहे.’

कस्तुराने बोर्ड स्वतःकडे ओढला आणि सहीवर बोट ठेवलं. ‘माझ्या चित्रात बुटाच्या रंगाचे फटकारे सहीच्या खालून जातात. इथे सहीभोवती करड्या रंगाचा सपाट चौकोन आहे. आधीची सही पुसून ही दुसऱ्या बोर्डावरून आणून चिकटवलीय.’ आणि इंदुताईंनी दोन्ही चित्रांचे प्रिंट टेबलावर मांडले, तारखेसकट, दिव्याच्या लाल अंगठ्यासकट. सेफ्टी ऑफिसर उठून उभाच राहिला.

मग जयसिंगच फुटला. ‘अहो साहेब, तुमच्याच प्रेस लाइनवरच्या माणसाचा फोन आला होता! दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, मशिनची पूजा. चित्रातल्या माणसाची पाठ देवाच्या फोटोकडे येते, बरं दिसत नाही, तोंड तिकडे करा म्हणाले. आमच्या पोराने एका क्लिकमध्ये आरशासारखं फिरवलं. मला वाटलं, माणूसच तर आहे. इकडे बघितलं काय नि तिकडे बघितलं काय! सही उलटी दिसली, ती तेवढी कौतुकाने सरळ केली. कस्तुराचा मान म्हणून!’ आणि मग पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाला, ‘मला नंतर कळलं गं. ॲक्सिडेंट झाल्यावर. तोपर्यंत...’

‘तोपर्यंत मी चार रात्री झोपले नव्हते,’ कस्तुरा म्हणाली. ‘आणि तुम्हाला माहीत होतं. माहीत असून कागद घेऊन आलात.’ सहा महिन्यांपूर्वी तिने जयसिंगसाठी कुणाशीही भांडण केलं असतं.

एचआरचे साहेब घसा खाकरून म्हणाले, मॅडमचा यात संबंध नाही हे लेखी देऊ, आणि पुढचं काय ते कंपनी आणि एजन्सी बघेल. इंदुताईंनी तिथल्या तिथे मजकूर लिहून घेतला. कस्तुराला हलकं वाटलं, इतकं हलकं की पाय जमिनीला लागेनात. निघायचं म्हणून तिने बोर्ड टेबलावरून उचलून भिंतीला उभा करून ठेवला, तेव्हा त्याच्या पाठीवरचं छोटं स्टिकर दिसलं. त्यावर लिहिलं होतं: बारापैकी तीन.

‘बाकीचे?’ तिने विचारलं.

‘काय बाकीचे?’

‘बारा छापलेत ना? बाकीचे अकरा कुठे आहेत?’

सेफ्टी ऑफिसरने एचआरकडे बघितलं, एचआरने सेफ्टी ऑफिसरकडे. ‘आहेत की, मशिनवर,’ ऑफिसर म्हणाला. ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत बोर्डांना हात लावायचा नाही असं वरून पत्र आहे. पुरावा आहे तो. पण सगळ्यांना तोंडी सांगितलंय हां आम्ही.’

कस्तुराने बोटांवर दिवस मोजले. अकरा दिवस. अकरा दिवस सगळे सहीवर भांडत होते, आणि तीही, हो, तीही! एकदासुद्धा तिच्या मनात आलं नाही की भिंतीवर तो माणूस अजून डावं हँडल ओढत उभा आहे. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती परवानगी मागायलाही थांबली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती प्रेस शॉपमध्ये शिरली. मागून कुणी तरी ‘मॅडम, हेल्मेट!’ म्हणून ओरडत होतं.

दुसरी शिफ्ट नुकतीच लागली होती. पहिल्याच मशिनवर एक वीस-एकवीसची ट्रेनी मुलगी, छातीवर ‘पिंकी’ नावाचा बिल्ला. तिच्या डोक्यावर बोर्ड. इंदुताई धापा टाकत आल्या आणि त्यांनी स्टूल धरलं. कस्तुरा वर चढली, बोर्डाच्या कडेला नखं घातली आणि ओढायला लागली.

‘ओ ताई, तो काढू नका!’ पिंकी म्हणाली. ‘मला त्याच्यावरनंच ध्यानात राहतं.’

कस्तुरा थांबली. ‘साफ करताना कुठलं हँडल ओढतेस?’

पिंकीने न बघता डावा हात वर करून दाखवला.

‘तुला कोणी सांगितलं नाही? तोंडी?’

‘मी सोमवारी लागले,’ पिंकी म्हणाली. ‘सांगायचं काय त्यात? रोज चारदा साफ करते. चित्रात तसंच हाय की.’

कस्तुरा स्टुलावरून खाली उतरली. तिने त्या पोरीचा हात धरला, उजव्या हँडलवर नेऊन ठेवला, आणि मागे सगळे साहेब येऊन उभे राहिले तरी तो तिने सोडला नाही.